दीड तासाचं काम

"लॅपटॉप फरजानाकडे नेऊन द्या," बसच्या खिडकीतून ज्योत्स्नानं तिसऱ्यांदा सांगितलं. "आजच द्या. आणि स्वतः उघडत बसू नका."

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी सुटायच्या बेतात होती. शुक्रवार होता. ज्योत्स्ना, म्हणजे माझी बायको, तिच्या गाईडना भेटायला दोन दिवसांसाठी निघाली होती आणि मी खाली उभा राहून शहाण्या नवऱ्यासारखी मान हलवत होतो.

"अगं, मी अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजला कॉम्प्युटर शिकवतोय," मी म्हणालो.

"शिकवता ना. म्हणूनच सांगतेय."

तिच्या शेजारी बसलेल्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. गाडी हलली. मी हात हलवला, स्कूटर काढली, घरी आलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर लॅपटॉप पालथा घालून त्याच्या पाठीवरचे स्क्रू मोजले. अकरा निघाले. माझ्या नोकरीची वर्षंही अकराच. मला तो शुभशकुन वाटला.

याला आता नऊ वर्षं झाली. त्या वेळी ज्योत्स्ना हायस्कूलला विज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात गवतांवर पीएचडी करायची. गवतांवर असं मी कुणाला सांगितलं की माणूस आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघायचा. गावापासून जवळच लळिंगचं कुरण आहे. तिथे पाच पावसाळे ती दर सुट्टीला जात होती. प्रत्येक गवताचे फोटो काढायची: उभं गवत, त्याचा तुरा, बी, मुळं, शेजारी मोजपट्टी ठेवून. घरी आली की प्रत्येक फोटोला गवताचं नाव, जागा, तारीख असं लिहून ठेवायची आणि वेगळ्या तक्त्यात नोंदी भरायची. हे सगळं त्या एका लॅपटॉपवर.

तो लॅपटॉप मीच निवडून आणला होता. दुकानातला सगळ्यात स्वस्त. "गवताचे फोटो बघायला याहून जास्त काय लागतं?" असंही मी तेव्हा म्हणालो होतो. बटण दाबून ती कुकर लावायला जायची आणि तिसऱ्या शिट्टीला पडदा उजळायचा. फोटो उघडला की तो दुकानाचं शटर ओढल्यासारखा वरून खाली हळूहळू उतरायचा. प्रबंधाची फाईल दीडशे पानांच्या पुढे गेली तशी पडदा पांढराफटक पडून सगळं जागच्या जागी थिजायला लागलं. प्रबंध सादर करायला पाच आठवडे उरले होते.

गल्ली नंबर चारमध्ये फरजाना पिंजारीचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं लॅपटॉप बघून सांगितलं होतं, "मॅडम, मशीन वाईट नाही. मेमरी वाढवू आणि जुनी डिस्क काढून नवीन एसएसडी टाकू. दीड तासाचं काम आहे."

मेमरी म्हणजे अभ्यासाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट, हे वाक्य मी अकरा वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत होतो. टेबल मोठं करायचं, कपाट बदलायचं. यात मला न जमण्यासारखं काय होतं? शिवाय फरजाना ही माझीच विद्यार्थिनी. तिला जे येतं ते मला येणारच, असा माझा हिशेब होता.

मी तिच्या दुकानात गेलो.

"सर, लॅपटॉप कुठाय?"

"घरी आहे. तू फक्त पार्ट दे. मी बसवतो."

"पण मॅडम म्हणाल्या होत्या..."

"मॅडमशी माझं बोलणं झालंय." हे खोटं नव्हतं. बोलणं झालंच होतं.

फरजानानं मेमरीची पट्टी काढली, नवीन डिस्क काढली, जोडायची वायर काढली. मग थोडी घुटमळली. "सर, दोन्ही डिस्क एकाच मापाच्या आहेत. स्क्रीनवर सारख्याच दिसतील. जुनीचा नंबर कागदावर लिहून ठेवा. आणि कॉपी करायच्या आधी मॅडमचं काम तिसरीकडे कुठेतरी काढून घ्या."

"फरजाना, मी कुणाचा सर आहे?"

"माझे, सर."

"मग?"

तिनं वस्तू पिशवीत घातल्या.

त्या दुपारी मी डायनिंग टेबलावर चादर अंथरली, एका वाटीत स्क्रू जमा केले आणि खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडली, कारण व्हिडिओमधला मुलगा तसं करत होता. लॅपटॉपचं मागचं झाकण निघेना. वाचनालयाचं जुनं कार्ड फटीत घालून मी जोर लावला, तेव्हा 'कट्' असा आवाज झाला आणि झाकण निघालं. जे मोडलं ते फारसं महत्त्वाचं नसावं असं मी ठरवलं.

मेमरीची पट्टी मी खाचेत सरळ उभी दाबली. लॅपटॉप सुरू केला. पंखा फिरला, पडदा काळाच. काढून पुन्हा दाबली. काळाच. चौथ्या खेपेला माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी पट्टीला नावं ठेवत होतो. मग व्हिडिओ पुन्हा लावला. पट्टी आधी तिरकी सरकवायची आणि मग खाली दाबायची असते. मी फळ्यावर तिची आकृती शेकडो वेळा काढली होती. पण ती नेहमी वरून. तिरकी घालतात हे आकृतीत कुठून दिसणार?

तिरकी घातली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसल्या. पडदा उजळला आणि मेमरीचा आकडा चारवरून बारा झाला.

मी उठून बेसिनवरच्या आरशात स्वतःकडे बघून आलो. खरंच गेलो होतो. तिथेच थांबलो असतो, तर आज मी एक बऱ्यापैकी नवरा म्हणून ओळखला गेलो असतो.

शनिवारी कॉलेज बारापर्यंत. बारा वाजता प्रयोगशाळा रिकामी झाली. मी लॅपटॉपमधली जुनी डिस्क काढून बरोबर नेली होती. ती आणि नवी, दोन्ही प्रयोगशाळेतल्या एका मशीनला जोडल्या. कॉपी करण्याचा प्रोग्रॅम उघडला. त्यात दोन चौकोन होते: कुठून घ्यायचं आणि कुठे उतरवायचं. दोन्ही चौकोनांत सारख्याच आकड्यांची डिस्क दिसत होती, एकीला एक नंबर, दुसरीला दोन. जी मी आधी जोडली ती एक, असं मला वाटलं. आधी कुठली जोडली होती, तेही मला नक्की आठवतंय असं वाटलं. वाटण्यावर माझा तेव्हा फार भरवसा होता.

तिसरीकडे काढून ठेवायचं तर दोन-तीन तास जाणार होते. म्हटलं, आपण करतोय ती कॉपीच तर आहे. कॉपीची आणखी कॉपी कशाला?

पडद्यावर लाल चौकट आली. डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं का? 'बटण दाबायच्या आधी पडद्यावरची सूचना पूर्ण वाचावी' हे वाक्य त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेलं होतं. मी 'हो' दाबलं आणि कँटीनला गेलो.

तिथे इतिहासाचे सर भेटले. त्यांना मी चहाबरोबर सगळं समजावून सांगितलं. दुकानदार लोकांना कसे घाबरवतात, खरं तर काहीच नसतं, फक्त हात घालायची तयारी लागते वगैरे. "तुमचाही लॅपटॉप आणा," मी म्हणालो, "अर्ध्या तासात करून देतो." त्यांनी माझ्या चहाचं बिल दिलं.

परत आलो तेव्हा अडतीस टक्के झालं होतं. सहज म्हणून, नव्या डिस्कवर काय काय उतरलंय ते बघावं, असं मनात आलं. नव्या डिस्कवर काहीही नव्हतं. मग जुन्या डिस्कवर बघितलं.

तिच्यावरही काहीही नव्हतं.

आकडा एकोणचाळीस झाला. रिकाम्या कपाटाची हुबेहूब नक्कल मी भरलेल्या कपाटावर करत होतो. हे कळायला मला किती वेळ लागला सांगता येणार नाही, पण मी वायर उपटली तेव्हा चाळीस होत आले होते. मी स्टुलावर बसलो. पाच पावसाळे, एवढंच डोक्यात येत होतं. दर वर्षी ऑगस्टमध्ये ती चिखलानं भरलेल्या बुटांनी घरात यायची आणि मी म्हणायचो, "बूट बाहेर."

संध्याकाळी फोन आला.

"झालं का काम?" ज्योत्स्नाचा आवाज खुशीत होता. "गाईड म्हणाले, आता काही बदल नकोत. सरळ छपाईला द्या म्हणाले."

"अरे वा," मी म्हणालो.

"लॅपटॉप दिलात ना फरजानाकडे?"

"हो," मी म्हणालो. "दिलाय."

ती हळूच म्हणाली, "ऐकलंत माझं. मला वाटलं होतं तुम्ही उघडून बसाल. रागावू नका, पण येताना बसमध्ये सारखी तीच धास्ती होती."

"छे, छे," मी म्हणालो. फोन ठेवला. अकरा वर्षांच्या नोकरीत आणि चौदा वर्षांच्या संसारात मी इतकं वाईट 'छे, छे' कधी म्हणालो नव्हतो.

खोटं बोललो होतो, ते निदान थोडं तरी खरं करावं म्हणून रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी गल्ली नंबर चारमध्ये जाऊन उभा राहिलो. फरजाना स्कूटीवरून आली. माझ्या हातातली पिशवी तिनं बघितली आणि शटर उचलता उचलता विचारलं, "सर, मेमरी बसली नाही का?"

"मेमरी बसली."

"मग?"

"कॉपी करताना, म्हणजे, सोर्स आणि टार्गेट यांच्या क्रमनिश्चितीमध्ये, दोन्ही डिस्कची क्षमता समान असल्यामुळे..."

"सर, उलटं झालं का?"

"हो."

तिनं शटर पूर्ण वर ढकललं. "नंतर ती डिस्क परत चालवली?"

"नाही. वायर काढली ती काढलीच."

"हे बरं केलं." तिनं माझ्याकडून पिशवी घेतली. त्या दोन दिवसांत मी केलेलं तेवढं एकच काम बरोबर होतं, आणि तेही मी घाबरून केलं होतं.

तिनं डिस्क जोडली, काहीतरी चालू केलं आणि मला स्टूल दिलं. मी सहा तास त्या स्टुलावर बसलो. गिऱ्हाइकं येत होती. त्यांतले दोघे माझ्या विद्यार्थ्यांचे पालक निघाले. "सर, तुम्ही इथे कसे?" मी म्हणालो, "सहज, विद्यार्थिनीचं दुकान बघायला." फरजाना खाली मान घालून स्क्रू काढत राहिली.

मला तिची बारावी आठवली. दुसऱ्या बाकावर बसायची. एकदा तिनं विचारलं होतं, "सर, डिस्कवरून पुसलेलं परत कसं आणतात?" वर्गात पन्नास मुलं. मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो होतो, "ते परीक्षेला येत नाही. खाली बस." ती बसली होती. आता ती तेच काम माझ्यासाठी करत होती आणि या गोष्टीचा उच्चार तिनं दिवसभरात एकदाही केला नाही. तिला आठवत नसेल असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

दुपारी तीनला तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "सर, सुरुवातीचा भाग गेला. त्याच्यावर शून्य शून्य लिहिलं गेलंय, ते आता येत नाही. उरलेल्यातून फोटो निघतायत. पण नावं गेली."

पडद्यावर हजारो छोटे हिरवे-पिवळे चौकोन होते. प्रत्येकाखाली नुसता आकडा.

"नोंदींचे तक्ते?"

"नाही सापडले." तिनं एक फोटो उघडला. "फोटो कधी काढला ती तारीख फोटोच्या आत असते. ती आहे. मॅडमकडे वह्या असतील तर जुळवता येईल."

"किती गेले?"

"दहातले चार तरी."

मी म्हणालो, "फरजाना, ज्योत्स्नाचा तुला फोन आला, तर तू म्हणशील का, की काम चालू आहे, दोन-तीन दिवस लागतील?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "सर, मॅडमनी विचारलं तर मी खरं सांगणार. त्यांचा फोन येतोच. गावात उतरल्या की करतात. तुम्ही आधी सांगा."

ती मला सर म्हणत होती, पण खाली बस असं मला ऐकू आलं.

संध्याकाळी ज्योत्स्नाला घ्यायला मी स्टँडवर गेलो नाही. भ्यालो. ती रिक्षानं घरी आली, बॅग ठेवली, चपला काढल्या आणि म्हणाली, "चहा टाकताय की मी टाकू?"

"ज्योत्स्ना, लॅपटॉप मीच उघडला. कॉपी उलटी केली. तुझं काम पुसलं गेलं."

एवढं वाक्य मी दुपारपासून पाठ करत होतो. त्याच्यापुढचं काही पाठ केलं नव्हतं.

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "सगळं?"

"दहातले सहा फोटो परत मिळाले. नावं नाहीत. तक्ते गेले."

"कोणते गेले?"

"फोटो."

"कोणते फोटो?"

"गवताचे."

"सगळे गवताचेच आहेत हो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ती मोरीत गेली आणि नळ सोडला. नळ खूप वेळ चालू होता. मी चहा टाकला, उकळला, गाळला. कप टेबलावर थंड झाला.

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. खुर्चीवर बसून तिनं विचारलं, "का केलंत?"

"म्हटलं, दुकानात दोन दिवस पडून राहण्यापेक्षा..."

"दीड तासाचं काम होतं. का केलंत?"

खरं उत्तर मला आधीपासून माहीत होतं. ते मी फरजानाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात ती शाळेत असताना मी लॅपटॉपवर तिच्या प्रबंधाचं ऋणनिर्देशाचं पान उघडलं होतं. तिच्या गाईडचं नाव होतं. वनरक्षकाचं होतं. लळिंग फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या माणसाचं होतं, कारण तो तिची ओली बॅग टपरीत ठेवू द्यायचा. 'माझा जुना लॅपटॉप पुन्हा पुन्हा जिवंत करणारी फरजाना पिंजारी' हिचं होतं. शेवटी होतं, 'आणि माझे कुटुंबीय.' घरात आम्ही दोघंच. म्हणजे कुटुंबीय मी.

"मला वाटलं," मी म्हणालो, "लॅपटॉप मी नीट करून दिला, तर एक ओळ माझीही येईल."

हे बोलताना मी टेबलाकडे बघत होतो. चाळीस वर्षांचा माणूस, ज्यानं बायकोच्या पाच वर्षांच्या कामावर एका ओळीसाठी बोळा फिरवला.

ज्योत्स्नानं थंड झालेला कप बाजूला सरकवला. "ते पान लिहून व्हायचं होतं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी काय केलं ते पटकन लिहिता आलं. तुमच्याबद्दल काय लिहावं, तेच सुचत नव्हतं."

"आता सुचलं?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"आता पुष्कळ सुचतंय," ती म्हणाली. "छापता येणार नाही."

त्यावर आम्ही हसलो असं म्हणायला मला आवडेल. हसलो नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी तिनं गाईडना फोन केला. मी समोरच बसलो होतो. "सर, माझ्याकडून डेटा गेला," ती म्हणाली. "हो, माझ्याकडूनच. कॉपी करताना. लिहिलेली पानं तुमच्याकडच्या प्रतीत आहेत, पण मूळ फोटो आणि तक्ते गेले. नाही, यंदा होणार नाही. पुढचा पावसाळा लागेल." पलीकडून बरंच काही बोललं जात होतं आणि ती "हो सर, चूक झाली सर" म्हणत होती. मी फोनसाठी हात पुढे केला. तिनं डोक्यानंच नको म्हटलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुमचं नाव घेतलं असतं, तर ते मला विचारणार, नवऱ्याच्या हातात दिलंच कशाला. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

त्या वाक्यानंतर मला कुणी कानफटात मारली असती, तरी ती मला हळूच वाटली असती.

लॅपटॉप आता विजेसारखा चालत होता. फरजानानं नवी डिस्क बसवून, मी मोडलेली क्लिप चिकटवून दिला होता. बटण दाबलं की मान वळवायच्या आत पडदा हजर. फोटो बोट लावताच उघडायचे. फक्त कुठल्याच फोटोला नाव नव्हतं.

त्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी शाळा-कॉलेज सुटलं की आम्ही टेबलावर बसायला लागलो. माझ्यापुढे तिच्या कुरणातल्या वह्या. मी तारीख काढून नोंद वाचायची, ती त्या तारखेचे फोटो लावून नाव द्यायची. पहिले दोन आठवडे आमच्यात गवताशिवाय दुसरा शब्द झाला नाही. "सोळा ऑगस्ट, उतार, ओढ्याची डावी बाजू." "पवन्या." "एकोणीस ऑगस्ट, पठार." "मारवेल. पुढे." मला सगळी सारखी दिसायची. एका संध्याकाळी मी न राहवून म्हणालो, "ही कुसळीच ना? तुऱ्याला काळ्या शेपट्यांचा पीळ आहे."

ती पडद्याजवळ वाकली. "हो," म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "वहीत लिहिलेलं वाचून सांगितलंत का?"

"नाही. वही मिटलेली आहे, बघ."

तिनं वही बघितली. मग पुढचा फोटो लावला. मला वाटतं, त्या दिवसापासून ती चहा दोघांचा टाकायला लागली.

पावसाळा आला. जे फोटो गेले होते त्यांची यादी तिनं केली होती: एकोणीस जातींचं काहीतरी ना काहीतरी गेलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती बूट घालत असताना मी माझेही बूट काढून ठेवलेले तिनं बघितले.

"तुम्ही कुठे?"

"मोजपट्टी धरायला."

"चढ आहे. धाप लागेल."

"लागू दे."

तिनं बॅग माझ्याकडे दिली. फार जड होती. पाच वर्षं ती हे एकटीनं वाहत होती आणि मला वाटायचं, तिच्यात एक कॅमेरा आणि डबा असतो.

कुरणात मी तिला पहिल्यांदा काम करताना बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ती चालता चालता थांबायची, गुडघ्यावर बसायची, कमरेएवढ्या गवतातून नेमकी एक काडी वेगळी करायची, तिचं देठ बोटांत फिरवून बघायची, बी दातात धरून बघायची. मी मागून दोनदा घसरलो. एकदा तिच्या यादीतल्याच गवतावर बसलो. "उठा, उठा," ती ओरडली, "तुमच्याखाली आहे ते!" धावत आली ती मला लागलं का बघायला नाही. गवत बघायला. आणि वाकलेलं गवत हातानं उभं करून त्याचा फोटो काढून झाल्यावर, मग म्हणाली, "लागलं का हो?"

सप्टेंबरच्या मधल्या रविवारी आम्ही वरच्या पठारावर होतो. तुरे सोनेरी व्हायला लागले होते. मेंढ्यांचा कळप घेऊन एक ठेलारी बाई समोरून आली, डोक्यावर घोंगडी आणि हातात काठी. ज्योत्स्नाला बघून तिचा चेहरा उजळला.

"मॅडम! ह्या साली उशीर केला."

"उशीरच झाला, भिवराबाई," ज्योत्स्ना म्हणाली. "कशा आहात?"

दोघी बोलायला लागल्या, कुठलं गवत मेंढ्यांनी कुठे तोडलंय, ओढ्यापलीकडे कुठलं उरलंय. भिवराबाईंनी काठीनं एका बाजूला दाखवलं आणि ज्योत्स्ना भराभर वहीत उतरवत होती. मी पाठीवर बॅग, गळ्यात कॅमेरा, एका हातात मोजपट्टी आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली. भिवराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, बरं झालं. ह्या साली सरकारनं शिपाई दिला तुम्हाला."

ज्योत्स्नानं तोंड उघडलं, पण मी आधी बोललो. "हो, बाई. नवीनच लागलोय."

"पर्मनंट का?"

मी ज्योत्स्नाकडे बघितलं. ती गुडघ्यावर बसून मोजपट्टीसाठी हात पुढे करून होती. वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बघू, भिवराबाई. अजून काम बघतेय."

मी मोजपट्टी तिच्या हातात दिली आणि सावली फोटोवर पडू नये म्हणून एक पाऊल बाजूला सरकलो.